कुळागरात मिरी लावताना आधी पाणी बघा

कुळागर, म्हणजे गोव्यातली पोफळी-माडांची मिश्र बाग, वाट्याला आले आहे, बागेतले मात्र फारसे काही येत नाही, अशी पुष्कळांची गत असते. आजोबांच्या वेळच्या पोफळी उभ्या आहेत, मधूनमधून माड, दोनचार जायफळी, बांधावर एखादा नीरफणस. पणजीत किंवा पुण्यात नोकरी करणारा नातू शनिवार-रविवारी येतो आणि विचारतो, यात नवीन काय लावू? माझे उत्तर ठरलेले आहे: मिरी लाव. पोफळ आहेच, तिच्यावरच वेल चढवायची, त्यामुळे जागा वेगळी अडत नाही. माकडे नारळ-केळीवर तुटून पडतात तशी मिरीवर पडत नाहीत. आणि नीट वाळवलेली मिरी भाव उतरला तर वर्षभर घरात ठेवता येते, जे केळीच्या घडाबाबत शक्य नाही.

मिरी ही सह्याद्रीच्या रानातलीच वेल आहे. काजू आणि अननस पोर्तुगिजांबरोबर इथे आले. मिरी त्यांच्या आधीपासून होती आणि तिच्या व्यापारासाठीच ते इतका लांबचा समुद्र ओलांडून आले. तेव्हा गोव्याच्या हवेत ती जगेल की नाही ही शंका काढून टाका. ती जगते. ती मरते तेव्हा बहुतेक वेळा पायाशी साचलेल्या पाण्याने मरते, आणि तेही भर पावसात, वेल हिरवीगार दिसत असताना. म्हणून पुढे जे काही लिहिले आहे त्यात रोपांपेक्षा पाण्याच्या वाटेबद्दल जास्त आहे.

कागद आधी, कुदळ नंतर

हे थोडक्यात. जमिनीचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढा आणि मालकाच्या नावाबरोबर कुळाचा रकाना, इतर हक्कांचा रकाना नीट वाचा. १९६४ च्या कूळ कायद्याखाली कोणाचे नाव लागलेले असेल तर तुम्ही ‘घरची बाग’ म्हणता ती कायद्याने दुसऱ्याच्या ताब्यातली असू शकते. जमीन कोमुनिदादची (जुन्या गावसंस्थेची) किंवा देवस्थानची आहे का, हेही तिथेच कळायला सुरुवात होते. वारशाची इन्व्हेंटरी (कोर्टातली वाटणी) झालेली नसेल तर भावंडांत आणि त्यांच्या जोडीदारांतही हक्क पसरलेला असतो. मिरीची वेल वीसेक वर्षे उत्पन्न देते, त्यामुळे तोंडी वाटणीवर ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

बागेला लागून रान असेल तर हद्द मोजून घ्या. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या भागांत अभयारण्याची किंवा राखीव जंगलाची हद्द अगदी बांधापर्यंत आलेली असते. ‘आत कोण बघतो’ म्हणून चार वेली पलीकडे चढवल्या तर ते अतिक्रमणच. सावली कमी करायला मोठे झाड तोडायचे असेल तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, झाड तुमच्याच जमिनीत असले तरी. फांद्या उतरवणे वेगळे, झाड आडवे करणे वेगळे. शंका असेल तर वन खात्यात विचारून मगच कोयता उचला. आणि कृषी कार्ड काढलेले नसेल तर आपल्या तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात जाऊन ते काढून घ्या. सरकारी मदतीच्या योजना त्या कार्डावरच मिळतात.

पहिला पावसाळा नुसता बघण्यात घालवा

नवख्या माणसाला हे पटत नाही. बाग हातात आली की त्याच मृगात रोपे आणून लावायची घाई असते. पण उन्हाळ्यात बाग बघून तिच्याबद्दल काहीही कळत नाही. मे महिन्यात सगळी जमीन सारखीच कोरडी आणि सारखीच चांगली दिसते.

जुलैमध्ये, दोनतीन दिवस धो धो पाऊस झाल्यावर, छत्री घेऊन बागेत फिरा. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी डोंगराच्या कुशीतल्या कुळागरात वरून उतरते, मध्ये मुरते आणि तळाशी ओहोळाला मिळते. ते कुठून उतरते, कुठे थबकते, कुठे दोन तासांत ओसरते आणि कुठे दुसऱ्या दिवशीही पायाखाली पचपच करते, हे पोफळींवर चुन्याने खुणा करून ठेवा. जिथे पाऊस थांबल्यावरही पाऊल उठवले की खळगा पाण्याने भरतो त्या पोफळीवर मिरी नको. तिथली पोफळ ठणठणीत असेल, तरीही नको. पोफळीला ओल चालते, मिरीची मुळे त्यात गुदमरतात.

जुन्या माणसांनी बागेत पाट आणि चर काढलेले असतात. पाटातून उन्हाळ्यात झरीचे पाणी फिरवायचे आणि पोफळींच्या ओळींमधल्या खोल चरांतून पावसाचे पाणी बाहेर काढायचे, अशी ती व्यवस्था असते. वीस वर्षे कोणी लक्ष दिले नाही की चर पोफळीच्या झावळ्यांनी आणि मातीने बुजतात, पाटाची फरशी निखळते आणि पाणी मन मानेल तिकडे जाते. पहिल्या वर्षी मजुरी खर्च करायचीच असेल तर ती इथे करा. मेच्या शेवटापर्यंत चर उकरून घ्या आणि त्यांचा उतार ओहोळापर्यंत तुटता कामा नये. चर पुष्कळदा शेजाऱ्याच्या बागेतून पुढे जातो, तेव्हा त्याच्याशी आधी बोलून घ्या. त्याचे तोंड बंद असेल तर तुमचे सगळे खणणे वाया.

डोंगरउतारावरच्या, चिऱ्याच्या जमिनीत लावणार असाल तर उलट प्रश्न असतो. पाणी साचत नाही, पण माती हातभरही खोल नसते आणि खाली जांभा लागतो. तिथे खड्ड्यात वरची काळी माती, पालापाचोळ्याचे खत भरपूर घालावे लागते. शक्य असेल तर दोन्हींच्या मधला पट्टा निवडा, म्हणजे उताराचा खालचा भाग, पण तळ नव्हे.

सावली किती?

मिरीला सावली आवडते हे सगळ्यांना माहीत असते, आणि म्हणून लोक ती अंधारात लावतात. दाट सावलीत वेल उंच जाते, पाने मोठी होतात, घोस मात्र विरळ धरतात आणि धरले तरी दाणे कमी भरतात. वर पाहिल्यावर आकाश ठिपक्या-ठिपक्यांनी दिसले पाहिजे आणि दुपारी जमिनीवर उन्हाचे कवडसे हलताना दिसले पाहिजेत. नुसत्या पोफळीची सावली याला जवळजवळ बरोबर असते. अडचण होते ती मध्ये वाढलेल्या फणस-आंब्यांची आणि आपोआप उगवलेल्या रानझाडांची. त्यांच्या खालच्या फांद्या मार्च-एप्रिलमध्ये उतरवा, म्हणजे पाऊस सुरू होताना वेलीला उजेड मिळतो आणि तुरे त्याच सुमाराला येतात. उतरवलेला पाला बाहेर टाकू नका, तो वेलीच्या आळ्यात आच्छादनाला लागतो.

पोफळीवर वेल चढवायची तर पोफळ सहासात वर्षांची तरी हवी. त्यापेक्षा लहान पोफळीला वेलीचा भार होतो. जिथे पोफळ नाही तिथे पांगारा, गिरिपुष्प, फणस, आंबा, सिल्व्हर ओक यांतले काहीही चालते. पांगारा आणि गिरिपुष्प लवकर वाढतात, पण मिरीच्या एक-दोन वर्षे आधी लावलेले हवेत. खरखरीत सालीवर वेलीची मुळे पटकन धरतात, पोफळीच्या गुळगुळीत खोडावर ती धरेपर्यंत बांधत राहावे लागते, एवढाच फरक.

रोपे कुठली आणि कशी

गावात जिची वेल वर्षानुवर्षे भरभरून देते अशी एखादी बाई किंवा एखादे भाट (बागायत) असतेच. तिथली छाट कलमे मिळाली तर ती दुकानातल्या रोपांपेक्षा सरस, कारण त्या वेलीने त्याच गावाचा पाऊस सोसलेला असतो. फक्त बागेत मर (वेल कुजवून मारणारा रोग) नाही ना, हे विचारून घ्या.

वेलीला तीन प्रकारचे फुटवे येतात आणि नवखा माणूस इथे हमखास घोटाळा करतो. एक, झाडावर सरळ चढणारा. दुसरा, त्याला आडवा फुटणारा, ज्याच्यावर घोस लागतात. तिसरा, बुंध्यापाशी निघून जमिनीवर पसरणारा. रोपांसाठी हा तिसरा हवा. पाऊस संपल्यावर असे फुटवे बुंध्याशी खुंटी रोवून तिच्यावर गुंडाळून ठेवतात, म्हणजे ते जमिनीत मुळे धरत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कापायचे, शेंड्याकडचा कोवळा आणि बुंध्याकडचा जून भाग सोडून मधला घ्यायचा, दोनतीन पेऱ्यांचे तुकडे करायचे, पाने देठ ठेवून छाटायची आणि माती, वाळू, शेणखत भरलेल्या पिशव्यांत एक पेर मातीखाली जाईल असे लावायचे. दाट सावलीत, रोज हलके पाणी. मेअखेर-जूनपर्यंत चारपाच पाने फुटलेली रोपे तयार होतात. यातली काही जातातच, तेव्हा लागणाऱ्यापेक्षा दीडपट पिशव्या भरा.

आडव्या, घोस लागणाऱ्या फांदीचे कलम केले तर वेल चढत नाही, झुडूप होते. ही झुडूप मिरी कुंडीत छान येते आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षीच घोस देते. मडगावच्या फ्लॅटच्या बाल्कनीत लावायला उत्तम. बागेत मात्र ती पोफळीखाली लावून ‘चढत का नाही’ म्हणत बसू नका.

विकत रोपे घ्यायची तर जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत किंवा कृषी खात्यात चौकशी करा. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत वाण कोणता हे लेबलवरून ठरवू नये. पन्नियूर-१ सगळेच मागतात, कारण घोस लांब आणि दाणा टपोरा. तो केरळात तयार झालेला मिरीचा पहिला संकरित वाण आहे आणि चांगलाच आहे, पण त्याला उजेड लागतो. दाट कुळागरात त्याची निराशा होते. सावली जास्त असेल तर करिमुंडा बरा. घोस आखूड, पण गच्च भरतात. कोळिकोडच्या भारतीय मसाला पिके संशोधन संस्थेचा शक्ती हा वाण मर रोगाला बऱ्यापैकी तोंड देतो. माझा सल्ला असा की एकाच वाणाने बाग भरू नका, दोनतीन मिसळा. पर्यटकांना दाखवायच्या मसालाबागेत फाटकाशीच जी वेल पाहिलीत तिच्यावरून वाण ठरवणे तर अजिबात नको. ती दाखवायलाच वाढवलेली असते.

मृगात लावणी

खड्डे मेमध्येच काढून ठेवा, लांबी-रुंदी-खोली अर्धा मीटर, आणि पोफळीपासून वीतभर नव्हे, हातभर लांब. दिशा महत्त्वाची आहे: खड्डा झाडाच्या उत्तरेला किंवा ईशान्येला. दक्षिण-पश्चिमेचे ऊन मार्च-एप्रिलमध्ये कोवळ्या वेलीला भाजून काढते. खड्ड्यात वरची माती, पाच किलोभर कुजलेले शेणखत, मूठभर निंबोळी पेंड आणि शेणखतात आधी वाढवून घेतलेली ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. हे ट्रायकोडर्माचे काम टाळू नका. मर आणणाऱ्या बुरशीशी ती मातीतच झुंजते.

पावसाची झड बसली, माती खोलवर भिजली, की लावणी. रोहिणीच्या एखाद्या सरीवर भुलून लावाल तर पुढची उघडीप रोपे सुकवून टाकते. प्रत्येक खड्ड्यात दोन रोपे, पिशवी फाडून, मुळांची माती न फोडता. आणि आता सगळ्यात मोठी गोष्ट: लावून झाल्यावर माती खड्ड्यापेक्षा उंच राहिली पाहिजे. बुंध्याशी उंचवटा, भोवती उतार. उन्हाळ्यात माडाला करतो तसे खोलगट आळे पावसाळ्यात मिरीला केले की ते तिचे थडगे होते. आळे करायचे ते पाऊस सरल्यावर.

चढवायची कशी

वेल हातभर झाली की तिला पोफळीकडे वळवून केळीच्या सोपाने किंवा काथ्याने सैल बांधा. बांधायचे पेऱ्यावर, कारण चिकटणारी मुळे पेऱ्यातूनच फुटतात. प्लॅस्टिकची सुतळी टिकते म्हणून लोक वापरतात आणि दुसऱ्या वर्षी ती खोडात रुतलेली सापडते. सोप आपोआप कुजते, तेच हवे. दर पंधरा दिवसांनी फेरी मारा. एकच दांडी उंच पळत असेल तर शेंडा खुडा म्हणजे खालून आणखी फुटवे येतील आणि बुंध्यापासून वरपर्यंत वेल भरेल. खालचे पाच-सहा फूट उघडे आणि वर टोपीसारखी दाटी, अशी वेल कितीही उंच गेली तरी कामाची नाही, काढायलाही त्रासाची. साधारण वीस फुटांवर तिला थांबवा.

बुंध्याभोवती खणू नका. मिरीची अन्न शोषणारी मुळे अगदी वरच्या थरात असतात, पावसाळ्यात खोरे मारले की ती तुटतात आणि त्या जखमांतून रोग आत शिरतो. तण विळ्याने कापा आणि तिथेच पसरा. खत वर्षाला दहा किलो शेणखत किंवा कंपोस्ट. पहिल्या वर्षी त्याच्या एक तृतीयांश, दुसऱ्या वर्षी दोन तृतीयांश, तिसऱ्यापासून पूर्ण. रासायनिक खत द्यायचे तर माती तपासून घ्या. आपली चिऱ्याची माती आम्ल असते, म्हणून एक वर्षाआड एप्रिल-मेमध्ये वेलीला अर्धा किलो चुना देतात. सगळे मिळून पालाशची (पोटॅशची) गरज जास्त, एवढे लक्षात ठेवा.

मर

आता मुख्य संकट. जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या पानावर काळा, पाणचट ठिपका दिसतो, कडा झालरीसारखी फाटलेली. तो भराभर पसरतो. किंवा पानांवर काहीच दिसत नाही आणि बुंधाच जमिनीलगत काळा पडून कुजतो. दोनतीन आठवड्यांत पाने गळतात, पेरे सुटून वेलीचे तुकडे पडतात आणि पोफळ उघडी उरते. ही फायटोप्थोरा नावाची बुरशी. पोफळीच्या कोळेरोगाची (पावसात कोवळी सुपारी कुजवणाऱ्या रोगाची) बुरशीही याच कुळातली, जात वेगळी. दोघींना हवे असते तेच: सततचा पाऊस, थंडावा, पानापानावर पाणी.

यावर इलाज म्हणण्यापेक्षा बंदोबस्तच. पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी, आणि जुलैअखेर-ऑगस्टमध्ये पाऊस उघडला की दुसरी. कोळेरोगासाठी फवारणारे गडी येतातच, त्यांच्याकडूनच खालची वेलही पानांच्या दोन्ही बाजूंनी भिजवून घ्या.

बोर्डो घरी करायचे तर शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. मोरचूद पन्नास लिटर पाण्यात वेगळे विरघळवा, चुना पन्नास लिटरमध्ये वेगळा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू, ढवळत ओता, उलट नव्हे. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे, लोखंडी बादली अजिबात नको. तयार झाले की त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी सुरा बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळे आहे, पाने जळतील, आणखी चुना घाला. थर चढेनासा झाला की मिश्रण बरोबर. ते त्याच दिवशी संपवायचे. दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या बोर्डोत दम नसतो.

फवारणीच्या वेळीच बुंध्याशी कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, वेलीला पाच ते दहा लिटर ओततात. ज्या आठवड्यात तांब्याची औषधे ओताल त्या आठवड्यात ट्रायकोडर्मा घालू नका, मध्ये काही आठवडे जाऊ द्या. औषध बुरशी आणि बुरशी यांत फरक करत नाही.

मेलेली वेल मुळासकट उपटून बागेबाहेर जाळा. तिथे वर्षभर तरी मिरी नको. आणि पाय! रोग मातीतून जातो, माती चपलेला लागून जाते. चवथीच्या आधी माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीचे) सामान शोधत पाचसहा माणसे कुळागरात हिंडतात, मजूर एका बागेतून दुसरीत तोच कोयता घेऊन जातात. रोगट भाग असेल तर तिकडचे काम दिवसाच्या शेवटी, आणि नंतर पाय-हत्यार धुऊन बाहेर. कुणाला वाईट वाटेल म्हणून हे सांगायचे राहू नये.

पाने हळूहळू पिवळी पडत, वर्षा-दोन वर्षांत वेल खंगत असेल तर ते मुळांतल्या सूत्रकृमींचे काम असते. तिथे निंबोळी पेंड आणि सेंद्रिय खत वाढवा, मुळे दाखवायला कृषी विज्ञान केंद्रात न्या. दाणे पोकळ आणि दाबले की चुरा होत असतील तर पोल्लू भुंगेरा. सावली दाट असेल तिथेच तो जास्त. फांद्या उतरवणे हाच त्याच्यावरचा अर्धा उपाय.

उन्हाळ्यातले पाणी

पहिली दोन वर्षे डिसेंबर ते मे वेलीला पाणी तोडू नये. आच्छादन जाड ठेवून आठवड्यातून दोनदा पुरते. मोठ्या वेलीला डिसेंबर ते मार्च दर आठदहा दिवसांनी भरपूर द्यायचे आणि एप्रिल-मेमध्ये जरा ताण द्यायचा. मग पहिल्या पावसाबरोबर पालवी आणि तुरे एकदम फुटतात. पोफळीला मात्र मेमध्ये पाणी हवेच असते. त्यामुळे कुळागरात हा ताण पुस्तकात लिहिल्यासारखा देता येत नाही. पाटाचे पाणी पोफळीच्या दुसऱ्या अंगाने वळवले तरी थोडा फरक पडतो. तुरे येऊन पाऊस दहाबारा दिवस दडी मारतो, तेव्हा एकदोन पाणी द्यायला विसरू नका. मिरीच्या परागाला पसरायला पावसाचे थेंब लागतात, आणि कोरड्यात तुरे गळतात.

काढणी, आणि काढायला जाताना

तिसऱ्या-चौथ्या वर्षी थोडे घोस येतात, सातव्या-आठव्या वर्षी वेल पूर्ण भरात येते. पोफळीवरच्या चांगल्या वेलीपासून वर्षाला किलो-दोन किलो वाळलेली मिरी मिळाली तर समाधान माना.

डिसेंबर-जानेवारीत घोसात एखाद-दोन दाणे पिवळे-तांबडे झाले की तो घोस काढायचा. सगळे पिकायची वाट बघितली तर अर्धे पाखरे नेतात, उरलेले गळतात. एका वेलीवर दोनतीन फेऱ्या होतात. शिडी लावायची, दुसऱ्याने खालून धरायची. पोफळीवरून पोफळीवर झुलत जाणाऱ्या पाडेलीची (सुपारी-नारळ पाडणाऱ्याची) नक्कल नवख्याने करू नये. वेलीच्या दाटीत हिरवा चापडा हा विषारी साप सहज बसलेला असतो आणि तो पानापासून वेगळा ओळखू येत नाही. हात घालण्याआधी काठीने वेल हलवा, पायात गमबूट.

सत्तरीच्या बाजूला आणखी एक भय आहे. २०१५ साली तिथे माकडतापाचे रुग्ण सापडले. हा ताप गोचिडीतून येतो आणि त्याचा हंगाम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका मिरी-काजूचा. पूर्ण बाह्या, पायमोज्यात खोचलेली विजार, अंगाला लावायचे गोचीडरोधक तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे वेगळे. बागेत माकड मेलेले दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्रात कळवा. नंतर ताप चढला तर डॉक्टरला रानात गेल्याचे आवर्जून सांगा.

वाळवणी आणि विक्री

घोस एक रात्र पोत्यात ठेवले की दाणे सहज सुटतात. मग एक युक्ती: दाणे बांबूच्या टोपलीत घालून उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवा आणि लगेच बाहेर काढा. रंग एकसारखा काळा येतो, वाळायलाही एकदोन दिवस कमी लागतात. शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळवू नका. स्वच्छ चटई किंवा ताडपत्री घ्या. कुळागर खोलगट असेल तर तिथे ऊन उशिरा येते आणि लवकर जाते, शिवाय रात्री दव. तेव्हा दाणे घराच्या गच्चीवर न्या आणि तिन्हीसांजेच्या आत झाका. चारपाच ते सात दिवस लागतात. दाणा दाताखाली कट्कन फुटला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. शंभर किलो ओल्यातून तेहतीसेक किलो वाळकी हाती येते. हा हिशेब आधी माहीत नसला की पहिल्या वर्षी घरात उगीच भांडणे होतात.

पूर्ण पिकलेले तांबडे दाणे वेगळे ठेवा. ते पोत्यात घालून वाहत्या पाण्यात आठवडाभर, दहा दिवस ठेवले, साल चोळून काढली आणि वाळवले की पांढरी मिरी होते. शंभराची पंचवीसच उरते, वास मात्र असा येतो की शेजारी नाके मुरडतात. भाव जास्त मिळतो, पण गिऱ्हाईक आधी बघून ठेवा.

विकायला फोंड्याची गोवा बागायतदार सहकारी संस्था आहे, सुपारी तिथे घालणाऱ्यांना वाट ओळखीची असते. शहरातल्या ओळखीच्यांना पाव-अर्ध्या किलोच्या पुड्या विकल्या तर दर चांगला पडतो. कुठेही न्या, जाण्याआधी मोजून बघा: लिटरचे माप भरून मिरी तोला. साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरली तर दाणा भरीव आहे, दर बोलायला तुम्ही मोकळे. पाचशेच्या खाली गेली तर सुपात पाखडून हलके दाणे वेगळे काढा आणि ते घरच्या मसाल्याला ठेवा. उरलेली आत प्लॅस्टिक असलेल्या पोत्यात, जमिनीपासून उंच, जूनची हवा लागण्याआधी तोंड शिवून.